मोहाच्या वाटेवरची घंटी

मोह पडायला लागला की डोंगराखालच्या टोलीतल्या, त्या लहानशा वस्तीतल्या, बायकांची झोप हलकी होते. कोंबड्याआधी कुणाच्या तरी दाराची कडी वाजते, मग शेजारणीची, आणि अंधार पुरता फिटायच्या आत टोपली-चुंबळी घेऊन रांग जिवतीच्या डोंगराला लागते. झाडाखालचा पाला आधीच जाळून, झाडून ठेवलेला असतो. त्या काळ्या, साफ भुईवर रात्रभर टपटपलेली फुलं ऊन चढायच्या आत वेचायची. नाही वेचली तर हरणं आहेत, डुकरं आहेत, अस्वल आहे. मोह कुणासाठी थांबत नाही.

यंदा त्या रांगेत दिव्यानी हलक्या पायांनी चालत होती, कारण तिचा नवरा आदेश घरी होता.

गेल्या साली याच दिवसांत तो तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. टोलीतले निम्मे गडी जातात. पत्रू मुकादम जीप भरून नेतो आणि तोड संपली की आणून सोडतो. पोरगी झाली तेव्हा दिव्यानीजवळ सासू होती, शेजारची इतवारी होती, आणि आदेश फोनवर होता, तोही रेंज मिळेल तेव्हा. तो परतला तेव्हा त्याच्या बोटांत मिरची इतकी मुरली होती की त्यानं लेकराच्या गालाला हात लावला आणि लेकरू किंचाळलं. त्यानं हात धुतले, राखेनं घासले, तेल चोळलं, पुन्हा धुतले. तरी कितीतरी दिवस तो पोरीला फडक्यात गुंडाळूनच उचलायचा. दिव्यानी हे कुणाजवळ बोलली नाही, पण विसरलीही नाही.

पावसाळा सरल्यावर चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरकडचे सायकलवाले डोंगरात यायला लागले. जाड चाकांच्या सायकली गाडीच्या टपावर बांधून आणायचे, वरच्या पठारावर उतरवायचे आणि बायकांच्याच पायवाटेनं खाली सुटायचे. वन समितीनं हो म्हटलं. वाटेची देखरेख करायला टोलीतला एक माणूस हवा होता, तो आदेश ठरला. आठवडाभर तो वाटेवर झुकलेल्या फांद्या छाटायचा, पाण्यानं कापलेल्या नाळी दगडांनी भरून काढायचा, आणि रविवारी सायकलवाल्यांच्या मागंपुढं राहायचा. मिरचीपेक्षा कमाई कमीच होती, पण संध्याकाळी माणूस आपल्या ताटावर जेवत होता. पोरगी आता त्याच्या मिशा ओढायला शिकली होती.

बाकीच्या बायकांना मात्र त्या सायकली खपत नव्हत्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मोटरसायकल लांबून गुरगुरते, बैलगाडी करकरते. ही सायकल येते ती उतारावरून सुटलेल्या सापासारखी, अंगावर येईपर्यंत कळत नाही. डोक्यावर भरलेलं टोपलं असलं की बाईला मान वळवता येत नाही. एका रविवारी वळणावर अशीच एक सायकल इतवारीच्या कानाजवळून गेली आणि दचकून तिचं टोपलं सांडलं. सगळ्या जणी वाकून मातीतनं फुलं वेचत होत्या आणि इतवारी कमरेवर हात ठेवून खालच्या वळणाकडं बघत होती.

“डोक्शावर उलटं टोपलं घालून फिरते हे लोकं,” ती म्हणाली, “अन् येचत तं काईच नाई.”

हेल्मेटचं ते नाव टोलीत लगेच रुजलं. पण हसणं संपल्यावर बोलणं वाट बंद करण्यावर आलं, तेव्हा गुणाबाईनं तोंड घातलं. दिव्यानीची ही सासू बोलायची कमी, पण बोलली की टोली ऐकायची. नवरा लवकर गेला. दोन एकर कापूस आणि हे डोंगर यांच्या भरवशावर तिनं आदेशला वाढवलं होतं, आणि या सगळ्या वर्षांत कुणी आपल्यावर हसावं अशी वेळ तिनं येऊ दिली नव्हती.

“ढोर जंगलात सोडतो तं गळ्यात घंटी बांधतोच ना आपण?” ती म्हणाली. “मंग याइले बी बांधा एकेक.”

बायका हसल्या, पण गुणाबाई हसली नव्हती. घरी येऊन तिनं माळ्यावरून फडक्याचं गाठोडं काढायला लावलं. त्यात विकलेल्या गाई-गोऱ्ह्यांच्या घंट्या होत्या. चिंचेनं घासून तिनं त्या चकचकीत केल्या आणि पुढच्या रविवारी सायकलवाले जमले तिथं स्वतः गेली. त्यांच्यात तबस्सुम नावाची एक पोरगी होती, चंद्रपुरातल्या कय्यूमभाई सायकल दुकानवाल्यांची लेक. ऊर्जानगरात नोकरीला होती. तिच्या हँडलला गुणाबाईनं आपल्या हातानं सुतळीची गाठ मारली. तबस्सुमनं सायकल हलवून बघितली, घंटी वाजली, आणि ती म्हणाली, मौशी, आता माझी सायकल तुमच्या कळपातली झाली.

घरी परतताना सासूची चाल बदलली होती, हे दिव्यानीनं मागून पाहिलं. टोलीतही दोन दिवस तेच चाललं होतं, की गुणाबाईनं कशी तोड काढली.

पुढच्या रविवारी आदेश पठारावर गेला होता, म्हणून दिव्यानीनं पोरीला पाठीशी बांधून नेलं. परतताना बाकीच्या बायका बऱ्याच पुढं निघून गेल्या. पोरीला पाजायला दिव्यानी बसली होती आणि गुणाबाई तिच्यासाठी थांबली होती. मग दोघी निघाल्या. दिव्यानी पुढं, सासू मागं, दोघींच्या डोक्यावर भरलेली टोपली. वाट एका जागी डोंगराच्या कुशीतनं जाते. वरच्या अंगाला कातळ, खालच्या अंगाला उतार आणि सागाचा वाळला पाला.

तिथं मागून घंटी ऐकू आली. टिणटिण, टिणटिण, जवळ जवळ येत.

दिव्यानीला वाटलं, सासू बाजूला होईल, आपणही व्हावं. तेवढ्यात तिला मागून गुणाबाईचा आवाज ऐकू आला.

“हट्. हट् बाई. हो तिकडं.”

तोच आवाज, जो ती चाळीस वर्षं ढोरांना देत आली होती. रागाचा नाही, लाडाचाही नाही, सवयीचा. आणि ती वाटेच्या मधोमध तशीच चालत राहिली. ढोर आपसूक खालच्या अंगानं जातं, त्यासाठी कुणी वाट सोडत नाही.

मग ब्रेकचं करकरणं, दगडांची घरंगळ, आणि धप्प. दिव्यानी वळेपर्यंत गुणाबाई एका अंगावर पडली होती, मोह उतारावर पसरला होता, तबस्सुम पाल्यात कोसळली होती आणि सायकलचं वरचं चाक अजून फिरत होतं. पाठीवरची पोरगी रडायला लागली. गुणाबाईचं डावं मनगट बघवत नव्हतं. तबस्सुमच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, पण ती आधी गुणाबाईजवळ सरपटत आली.

आरडाओरडा ऐकून बायका मागं फिरल्या. इतवारीनं येताच विचारलं, घंटी वाजली नाही का. गुणाबाईचे डोळे मिटलेले होते.

“नाई आली आयकू,” ती म्हणाली.

“मौशी, मी वाजवली होती ना,” तबस्सुम म्हणाली. “पूरा टाइम वाजत होती.”

तिच्याकडं कुणी बघितलं नाही. गुणाबाईनं डोळे उघडले, ते दिव्यानीच्या तोंडावर थांबले, आणि पुन्हा मिटले. दिव्यानीनं पोरीला पाठीवरून पुढं घेतलं आणि पदराखाली धरलं. तेवढंच तिला सुचलं.

तालुक्याच्या दवाखान्यात हात प्लास्टरमध्ये गेला. खर्च सायकलवाल्यांनीच केला, आणि त्याचा टोलीला अधिकच राग आला. पैसे टाकले की झालं, असं समजतात हे लोक, असं जो तो म्हणू लागला. त्या सायकलवाल्या पोरीनं मजेसाठी घंटी काढून ठेवली होती, असंही कुणीतरी बोललं, आणि बोलणारा कोण ते न कळताच ते खरं झालं. समितीचा अध्यक्ष हरिदास शांत माणूस. त्यानं सांगितलं की रविवारी समाजमंदिरात बसू, सायकलवाल्यांनाही बोलवू, आणि गुणाबाई म्हणेल तसं करू. तिचा हात मोडला, तिनंच ठरवावं.

त्याच संध्याकाळी पत्रू मुकादम मोटरसायकल घेऊन दाराशी आला. मिरचीची शेवटची तोड उरली होती, सोमवारी जीप निघणार होती. तो आदेशला म्हणाला, “तुही सायकल तं पंक्चर झाली लेका. नाव लिहू का?” आदेशनं रविवारी सांगतो म्हटलं. पत्रू गेल्यावर तो अंगणातल्या खाटेवर बसून आपली बोटं बघत राहिला. दिव्यानी चुलीशी होती. तिला ती बोटं दिसली, आणि भाकरी तव्यावर करपली.

एका वाक्यानं सगळं सुटलं असतं, आणि ते वाक्य तिला माहीत होतं. पण ते तिचं नव्हतं.

ते दिवस दिव्यानीनं सासूचं अंग सांभाळण्यात घालवले. एका हातानं काय काय होत नाही, हे तेव्हा कळलं. वेणी होत नाही, आंघोळ होत नाही, चोळीची गाठ होत नाही. लग्न होऊन आल्यापासून दिव्यानीनं सासूची उघडी पाठ कधी पाहिली नव्हती. आता ती रोज तिच्यावर पाणी ओतत होती. खांद्यावर ओझ्यांचे जुने घट्टे होते, मानेचा मणका वर आलेला होता. गुणाबाई भिंतीकडं तोंड करून बसायची आणि एकच म्हणायची, आवर लवकर. प्लास्टरच्या आत खाज सुटायची तेव्हा ती कुणाला सांगायची नाही. नुसती ओठ दाबून बसायची. मग दिव्यानी न विचारता केरसुणीची काडी आणून द्यायची.

आदेश भाकरी थापायला शिकला. त्याच्या भाकरीला कडा नसायच्या. पोरगी ती हातात धरून घरभर चघळत हिंडायची, आणि गुणाबाई तिच्याकडं बघत राहायची. मोह वाळत टाकून बाया येऊन बसायच्या, हाताची विचारपूस करायच्या, त्या सायकलवाल्या पोरीला शिव्या घालायच्या. पहिल्या दिवशी गुणाबाईनं त्यांना हुंकार दिला. पुढं हुंकारही थांबला. कुणी तबस्सुमचं नाव काढलं की ती पाणी मागायची.

रविवारी सकाळी दिव्यानी तिला लुगडं नेसवत होती. कमरेला गाठ मारायला ती समोर गुडघ्यांवर बसली होती, तेव्हा वरून गुणाबाई बोलली.

“तू आयकलं होतं.”

“हो, आत्या.”

“मी हट् हट् केल्तं तेबी?”

“हो.”

बाहेर आदेश पोरीला कोंबड्या दाखवत होता.

“मंग बोलली काऊन नाई? नवरा चालला तुहा उद्या.”

दिव्यानीनं गाठ घट्ट ओढली, सैल केली, पुन्हा मारली. “पडल्या तुमी होत्या, आत्या. माह्या तोंडानं कसं सांगू?”

गुणाबाईनं उजवा हात तिच्या डोक्यावर टेकवला. आशीर्वादासाठी नाही, तोल सावरायला. पण तिनं तो लगेच उचललाही नाही.

समाजमंदिराच्या पत्र्याखाली अख्खी टोली जमली होती. एका बाजूला सायकलवाले, बूट काढून, सतरंजीच्या कडेला अवघडून बसलेले. तबस्सुमच्या गुडघ्याला पट्टी होती, त्यामुळं तिला मांडी घालता येत नव्हती. पाय लांब केला तर माणसांकडं तळवा होतो, म्हणून ती तिरपी बसली होती. पत्रू दाराशी मोटरसायकलला टेकून उभा होता. हरिदासनं वाटेचं, परवानगीचं सगळं सांगितलं. एकदोघं बोलले. मग तो गुणाबाईकडं वळला.

“बाई, तुमीच सांगा. घंटी वाजली का नाई वाजली?”

गुणाबाई उभी राहिली. बसून बोलली असती तरी चाललं असतं.

“वाजली,” ती म्हणाली.

दाराशी टेकलेला पत्रू सरळ झाला.

“चांगली वाजली. माह्याच गाईची घंटी ते, मले वळखू येनार नाई का? मले वाटलं मांगून ढोर येऊन राह्यलं. मी हट् हट् केलं. ढोराले कोन वाट सोडते? मी नाई सरकली. हे पोरगी मले पाडाले आली नोती, मीच तिले गाय समजली. अन् पडल्यावर खोटं बोलली. लाज वाटली म्हनून.”

कुणी खोकलं. मग मागच्या रांगेतून इतवारीचा आवाज आला, “दूध तं नाई काढलं ना वो, गुणाबाई?”

आणि टोलीला हसू फुटलं. बायका पदर तोंडात घालून हसल्या, म्हातारे डोळे पुसत हसले, हरिदासनंही मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते. दिव्यानीला हसू आलं नाही. तिनं सासूकडं बघितलं. गुणाबाई प्लास्टरचा हात दुसऱ्या हातात धरून उभी होती. चेहरा लाल झाला होता, कानापर्यंत. ती खाली बसली नाही. वळवाच्या सरीत अंग झोडपून घ्यावं तसं ते हसणं तिनं उभ्यानं अंगावर घेतलं, आणि ते संपेपर्यंत थांबली.

तबस्सुमही हसली नव्हती. ती भिंतीला धरून उठली.

“मग मौशी, मी येते हे तुमाले कसं कळवू?”

“घंटी काढ ते आधी. ढोराची चीज ढोराले,” गुणाबाई म्हणाली. “तुले तोंड हाय ना? हाक मार. मौशी म्हन, नाई तं माय म्हन, गानं म्हन. मानूस येऊन राह्यलं हे आयकू आलं पायजे. अन् बायाइच्या डोक्शावर टोपलं दिसलं का खाली उतर, पायी चाल दोन पावलं. मोडत नाई त्यानं काई.”

एका सायकलवाल्यानं म्हटलं की उतारावर सायकलवरून उतरणं कठीण असतं. इतवारी त्याला म्हणाली की मग भाऊ, तिथून भरलेलं टोपलं घेऊन एकदा खाली येऊन दाखव. पुन्हा हसणं झालं, पण आता त्यात सायकलवालेही होते. हरिदासनं ठरलं म्हणून सांगितलं. वाट खुली राहिली.

दिव्यानी दाराकडं बघत होती. आदेश पत्रूजवळ गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. पत्रूनं खांदे उडवले, काहीतरी टोमणा मारला असावा, कारण आदेश मान हलवून हसला. मग मोटरसायकल सुरू झाली आणि धूळ उडवत वळली. पुढच्या साली काय होईल, सायकलवाले येतील की कंटाळतील, कोण सांगणार. पण सोमवारची जीप त्याच्याशिवाय जाणार होती, आणि दिव्यानीला तेवढं पुरेसं होतं. तिनं पोरीचं नाक पुसलं, आणि मग स्वतःचंही.

गुणाबाईला मात्र ते दिवस जड गेले. नळावर गेली की कुणीतरी हळूच हट् म्हणायचं. लहान पोरं तर उघड म्हणायची. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, आणि घरी येऊन जात्याशी उगाच बसून राहायची. एकदा दिव्यानी पोरांवर ओरडायला निघाली, तर तिनं अडवलं. हासू दे, म्हणाली. आटेल.

मोह ओसरत आला तेव्हाच्या एका रविवारी गुणाबाई बायकांबरोबर निघाली. फुलं थोडीच पडत असल्यानं बायका आता चांगलं उजाडल्यावर निघायच्या, आणि उन्हाच्या भीतीनं सायकलवाले पहाटेच पठारावर पोचायचे. हात अजून प्लास्टरमध्येच होता. वेचता येणार नव्हतं, उचलता तर नाहीच; घरी बसून जीव आंबला, एवढंच तिनं कारण दिलं. डोक्यावर टोपलंही नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्या वाटेनं अशी मोकळी चालत होती, आणि चालताना तिचा चांगला हात सारखा डोक्याकडं जात होता. पोरगी दिव्यानीच्या पाठीवर झोपली होती.

कातळाच्या त्या अरुंद जागी वरून माणसाचा आवाज आला. कुणीतरी बेसूर गात होतं, मधेच थांबून धापा टाकत होतं. मग वळणावर तबस्सुम दिसली. तिनं सायकल खांद्यावर घेतली होती. पुढचं चाक वाकून गेलं होतं, आणि चेहरा घामानं भिजला होता. मागं आदेश, तिची पिशवी आणि सुटलेली साखळी घेऊन.

बायकांची रांग थांबली. सगळ्यांची टोपली रिकामी होती, कुणी हातात लटकवलेली, कुणी पालथी डोक्यावर घातलेली. तबस्सुम त्यांना बघून थबकली. तिनं एक पाय उताराच्या बाजूला, घसरट्या पाल्यात टाकला. खांद्यावरची सायकल डगमगली.

“वाटेवरच राह्य,” गुणाबाई म्हणाली. “ओझं तुह्याजवळ हाय.”

आणि प्लास्टरचा हात छातीशी धरून ती स्वतः पाल्यात उतरली. तिचा पाय घोट्यापर्यंत बुडाला. मग इतवारी उतरली, काहीतरी पुटपुटत, आणि तिच्यामागं एकेक करून सगळ्या. वाळला साग चुरचुरत राहिला. तबस्सुम मधून गेली. प्रत्येकीजवळ तिचा श्वास ऐकू येत होता. ती समोर आली तशी गुणाबाईनं वर झुकलेली एक फांदी चांगल्या हातानं धरून ठेवली, सायकलचं चाक अडकू नये म्हणून.

शेवटी आदेश आला. दिव्यानीसमोर तो क्षणभर थांबला. हात साखळीच्या काळ्या तेलानं माखलेले होते, म्हणून त्यानं पोरीला हात लावला नाही. वाकून नुसतं तिच्या झोपलेल्या डोक्यावर गाल टेकवला, आणि निघाला.

दिव्यानी पाल्यात उभी राहून त्याच्याकडं बघत राहिली. याआधी तिनं त्याची पाठ पाहिली होती ती जीपच्या मागच्या फळीवर, धुळीत लहान होत जाणारी. आता तो पायवाटेनं खाली टोलीकडं चालला होता. दुपारी मोह घेऊन ती परतेल तेव्हा तो अंगणात असणार होता, आणि त्याच्या हातांचं तेल साबणानं निघण्यासारखं होतं.